फाटकावरची भुतं आणि रुळाखालची माणसं

अहमदपूरला रेल्वे नाही. मग अहमदपूरच्या पोरांनी रेल्वे फाटकाचा इतिहास कशाला वाचायचा, असं कुणीही विचारेल. आमचं उत्तर सरळ आहे. जिथे फाटक आहे तिथल्या गोष्टी गावाने कधीच रचून ठेवल्यात, आणि त्या आपल्याला वगळून रचल्यात. जिथे फाटक अजून यायचं आहे, तिथे तरी आपण आधीपासून डोळे उघडे ठेवावेत.

आधी आपला मुलूख नीट बघू. निजामाच्या राजवटीत अहमदपूर बीदर जिल्ह्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके बीदरपासून तुटले आणि उस्मानाबाद जिल्ह्यात आले. १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला आणि अहमदपूर लातूरमध्ये गेलं. जिल्हे तीन झाले, रूळ एकदाही आला नाही. उत्तरेला गोदावरी खोऱ्याची लाईन गेली. सिकंदराबादहून नांदेड, पूर्णा, परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडला जाणारी ही लाईन १९०० च्या सुमारास सुरू झाली. पश्चिमेला बार्शी लाईट, म्हणजे अडीच फूट रुंदीच्या रुळावरची छोटी गाडी. ती १८९७ ला बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली आणि १९११ ला लातूरला पोचली. तिसरी लाईन विकाराबादहून बीदर, उदगीर, लातूर रोड करत परळीला गेली. या तीन लायनींच्या मधल्या पोकळीत अहमदपूर, किनगाव, शिरूर ताजबंद, हाडोळती ही आपली गावं राहिली.

लातूर रोड ते नांदेड, अहमदपूर-लोहामार्गे रेल्वे ही मागणी वर्षानुवर्षं चालू आहे. निवडणूक आली की ती ताजी होते. रेल्वे यावी असं आम्हालाही वाटतं. पण रेल्वे आल्यावर रूळ कुणाच्या जमिनीवरून जाणार, फाटक कुणाच्या वस्तीच्या तोंडाशी पडणार, खडी कोण उचलणार आणि तिकिटाच्या खिडकीमागे कोण बसणार, हे प्रश्न त्या निवेदनांत कधी दिसत नाहीत. ते प्रश्न कुठून येतात हे समजायचं असेल तर जुन्या फाटकांकडे बघावं लागतं.

फाटकावरच्या तीन गोष्टी

कुठल्याही जुन्या फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर बसा. गाव बदलेल, पण गोष्टी बहुतेक ठिकाणी तीनच ऐकू येतात.

पहिली गोष्ट साहेबाची. इंग्रज इंजिनिअर लाईन टाकत होता, मध्ये एक देवस्थान किंवा दर्गा आला. साहेबाने ते पाडायचं ठरवलं. रात्री त्याला स्वप्न पडलं, किंवा सकाळी रूळ उखडलेले दिसले. मग साहेबाने हात जोडले आणि लाईन वाकवली. म्हणून इथे वळण आहे.

दुसरी गोष्ट बळीची. पूल उभा राहत नव्हता, पाया ढासळत होता. मग पायात माणूस गाडला, आणि पूल टिकला. रेल्वेचे पूल बांधले जात होते त्या काळात लहान मुलं पळवून पायात पुरतात अशी अफवा देशभर उठत असे. आया पोरांना घराबाहेर सोडत नसत.

तिसरी गोष्ट भुताची. अमावस्येला फाटकावर पांढऱ्या लुगड्यातली बाई उभी राहते. मालगाडीच्या ड्रायव्हरला कंदील दिसतो, पण कंदील धरणारा दिसत नाही. गेटमनच्या खोलीचं दार रात्री कुणीतरी वाजवतं.

अंधश्रद्धा म्हणून या गोष्टी झटकून टाकता येतील. बाबांनो, भूत नसतंच, हे आपण सांगितलंच पाहिजे. पण तेवढ्यावर थांबलं तर आपण एक पुरावा फेकून देतो. लोककथेत गाव स्वतःबद्दल जे उघड बोलू शकत नाही ते बोलतं. साहेबाने कुणाचा देव वाचवला, पायात कुणाचं माणूस गेलं, आणि फाटकावरचं भूत जिवंतपणी कोण होतं, असे प्रश्न विचारले की त्याच गोष्टीतून जात बाहेर येते.

साहेबाची गोष्टच घ्या. रूळ वाकला तो गावाच्या देवळासाठी, दर्ग्यासाठी. मरीआईच्या उघड्या दगडासाठी रूळ वाकल्याची गोष्ट किती ठिकाणी ऐकायला मिळते? गावकुसाबाहेरच्या वस्तीसाठी वळण घेतल्याची गोष्ट तर कुणी रचलीही नाही. ती रचायला लागणारा मानच त्या वस्तीला नव्हता. स्टेशनं बहुतेक गावांच्या बाहेर बांधली गेली, कारण जमीन तिथे मोकळी आणि स्वस्त होती. गावाच्या बाहेर आधीपासून कोण राहत होतं, हे आम्ही सांगायची गरज नाही.

बळी कुणाचा?

बळीच्या गोष्टीला आपल्या इतिहासात जुनं मूळ आहे. पुरंदर किल्ल्याची कथा महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. शेंदऱ्या बुरूज पुन्हा पुन्हा ढासळत होता. मग बहिरनाक सोननाक याचा मुलगा नाथनाक आणि सून देवकाई यांना बुरुजाच्या पायात जिवंत गाडलं, आणि बुरूज उभा राहिला, असं ही कथा सांगते. घडलं ते नेमकं कसं, हा इतिहासकारांचा वाद राहू द्या. कथेने बळी म्हणून निवडलेली माणसं महार आहेत, एवढं आपल्याला पुरे. जिथे भिंत टिकत नाही तिथे अस्पृश्याचं शरीर घालायचं, हा विचार समाजाच्या डोक्यात इतका मुरला होता की त्याची गोष्ट झाली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने सांगितली गेली.

आपल्याच भागातली दुसरी कथा बीदरच्या अमृतनाकाची. अहमदपूर बीदर जिल्ह्यात होतं हे वर सांगितलंच, तेव्हा ही कथा आपल्या घरची आहे. बीदरच्या बादशहाची बेगम हरवली. तिला शोधून सुखरूप आणायचं काम अमृतनाकाने अंगावर घेतलं. आपल्यावर संशय येणार हे ओळखून निघण्याआधीच त्याने स्वतःचं पुरुषत्व कापून डबीत घालून बादशहाकडे ठेवलं. बेगम परत आली, संशय आला, डबी उघडली आणि बादशहा थक्क झाला. बक्षीस म्हणून अमृतनाकाने आपल्या जातीसाठी बावन्न हक्क मागून घेतले.

ही कथा आपल्या आजोबा-पणजोबांनी अभिमानाने सांगितली. ज्याला सगळ्यांनी नाकारलं त्या माणसाकडे एवढी तरी सनद होती. पण त्या हक्कांत होतं काय? खळ्यावरचं धान्य, मेलेल्या ढोराचं कातडं, सणावाराची भाकरी. त्या बदल्यात रात्रंदिवस वेठ. बाबासाहेबांनी १९२८ पासून मुंबईच्या विधिमंडळात वतनाविरुद्ध जी लढाई सुरू केली ती याच हक्कांच्या साखळीविरुद्ध होती. हक्क म्हणून जे मिळालं होतं त्याने माणूस गावाला बांधला गेला होता.

दोन्ही कथांचा सांगाडा एकच आहे. आधी शरीर द्या, मग तुमच्या वाट्याला काहीतरी येईल, आणि जे येईल ते तुम्हाला जागेवरून हलू देणार नाही. रेल्वे आली तेव्हा हा सांगाडा मोडेल असं अनेकांना वाटलं होतं.

मार्क्सचं भाकीत आणि मनमाडचं भाषण

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कार्ल मार्क्सचा भारतावरचा लेख न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात छापून आला. रेल्वेमुळे जे आधुनिक उद्योग येतील ते वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून काढतील, आणि जात याच विभागणीवर उभी असल्याने तीही विरघळेल, असा त्याचा तर्क होता.

तर्क म्हणून तो चुकीचा वाटत नाही. एका डब्यात, एका बाकावर सगळे बसणार. तिकिटाचा दर जातीप्रमाणे नाही. इंजिन कुणाची सावली बघून थांबत नाही. रेल्वेने हे खरंच केलं, आणि आम्ही ते नाकारत नाही. म्हणूनच सनातनी मंडळी सुरुवातीला रेल्वेवर नाराज होती.

पण आता १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला या. जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद तिथे भरली होती आणि अध्यक्ष होते बाबासाहेब. पहिली गाडी धावून ८५ वर्षं झाली होती. बाबासाहेबांनी तिथे रेल्वेतल्या जातीचा हिशेब मांडला. अस्पृश्य माणूस रेल्वेत शिरतो तो गँगमन म्हणून, आणि वर्षानुवर्षं गँगमनच राहतो. त्याला पोर्टरची साधी जागाही सहसा मिळत नाही. कारण पोर्टर स्टेशनमास्तरच्या घरची कामंही करतो, आणि अस्पृश्य त्या घरात चालत नाही. वर्कशॉपमध्ये तो फिटर, मिस्त्री, फोरमन होताना दिसत नाही.

हे नीट समजून घ्या. पोर्टरचं काम फलाटावरचं. त्याचा स्वयंपाकघराशी संबंध काय? पण स्टेशनमास्तरने सरकारी नोकराला घरगडी केलं, आणि घरगडी केल्यामुळे ती सरकारी जागा आपोआप सवर्णांसाठी राखीव झाली. कागदावर कुठेही लिहिलेलं नाही, नियमात कुठेही नाही, तरीही आरक्षण पक्कं. आज जे लोक आपल्याला विचारतात की आरक्षण कशाला हवं, त्यांना हे १९३८ मधलं आरक्षण दाखवा.

याच परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे एका जातीची सत्ता एवढाच अर्थ आपल्याला अभिप्रेत नाही, स्वातंत्र्य, समता आणि बंधुतेला नकार देणारी वृत्ती म्हणजे ब्राह्मणशाही, आणि ती कुठल्याही वर्गात, कुठल्याही जातीत असू शकते, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केलं. दोन वर्षं आधी, १९३६ मध्ये, जातिनिर्मूलनावरच्या न झालेल्या भाषणात त्यांनी मांडलं होतं की जात ही श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. मार्क्सच्या भाकितात चूक राहिली ती नेमकी इथे. रेल्वेने श्रम बदलले. श्रमिकांची उतरंड तिने आहे तशी उचलली आणि रुळावर मांडली. सगळ्यात खाली, उन्हात, खडीवर, हातोडा आणि पहार घेऊन कोण? गँगमन.

आणि फाटक? तेही याच जगाचा भाग. लाईनची निगा राखणारी गँग, रोज आपल्या हद्दीतले रूळ चालत तपासणारा चावीवाला, मुकादम आणि फाटक उघड-बंद करणारा गेटमन ही सगळी रुळावरची माणसं. गाडीत बसणाऱ्याला ती फक्त खिडकीतून दिसतात. हातात झेंडी धरलेला एक माणूस क्षणभर दिसतो आणि मागे जातो. त्याचं नाव कुणी विचारत नाही.

गाडी थांबली की जात सुरू

रेल्वेने जात ओलांडली ती दोन स्टेशनांच्या मध्ये. गाडीतून उतरलं की जात पुन्हा सुरू व्हायची. याचा सगळ्यात मोठा साक्षीदार खुद्द बाबासाहेब आहेत.

१९०१ साली नऊ-दहा वर्षांचा भीम भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून गाडीने निघाला. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते, त्यांच्याकडे जायचं होतं. पोरं चांगल्या कपड्यांत होती, गाडीत कुणी हटकलं नाही. मसूर स्टेशनवर उतरल्यावर स्टेशनमास्तरने प्रेमाने चौकशी केली. आम्ही महार, असं उत्तर मिळताच त्याचा चेहरा बदलला आणि तो मागे सरला. मग बैलगाडीवाला मिळेना. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार, असा सौदा झाला. रात्री टोलनाक्यावर पाणी मागितलं तर तेही मिळालं नाही. जवळ जेवण असून पोरं उपाशी झोपली, कारण पाण्याशिवाय घास उतरणार कसा?

स्टेशनवरच्या पाण्याचीही तीच कथा. त्या काळी फलाटांवर हिंदू पाणी वेगळं, मुसलमान पाणी वेगळं. हिंदूंना पाणी पाजायला ब्राह्मण नेमलेले. अस्पृश्यांसाठी वेगळी पाटीसुद्धा नव्हती. कुणी दया करून वरून ओतलं तर ओंजळीत प्यायचं.

पुढे १९२९ मध्ये बाबासाहेब बॅरिस्टर होते, मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य होते. धुळ्याचं काम आटोपून परत येताना ते चाळीसगावला उतरले. महारवाड्यातले लोक त्यांना न्यायला स्टेशनवर आलेले. पण कुणी टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला तयार होईना. टांगा मिळाला तो या अटीवर की टांगेवाला हाकणार नाही. मग ज्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता असा आपल्यातलाच एक माणूस लगाम धरून बसला. वाटेत आधी मोटारीची धडक थोडक्यात चुकली. पुढे नदीवरच्या फरशीवर घोडा बिथरला, चाक कडेच्या दगडावर आदळलं. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत गेले.

स्टेशनपर्यंत आणणारी गाडी इंग्रजांची होती, तिने बॅरिस्टर आंबेडकरांना तिकीट दिलं. स्टेशनपासून पुढचा रस्ता गावाचा होता. देशाच्या घटनेचा शिल्पकार त्या दिवशी तिथे संपला असता. टांगेवाल्याची जातीची प्रतिष्ठा त्याच्या जिवापेक्षा मोठी ठरली. फाटकाचा इतिहास लिहायचा तर असा लिहावा लागतो. फाटकाच्या या बाजूला तिकिटाचा कायदा, त्या बाजूला गावाचा.

तीच गाडी आपल्याकडे काय घेऊन आली

एकच बाजू सांगितली तर आम्ही खोटे ठरू. रेल्वेने आपल्या माणसाला आणखी एक गोष्ट दिली, रोख पगार. बलुत्यात धान्याची पाटी मिळायची आणि तीही पाटलाच्या मर्जीवर. गँगमनला महिन्याला मोजून पैसे मिळायचे. रोख पैशाला मालकाच्या दारात वाकावं लागत नाही. त्या पगारावर पोरं शाळेत गेली, कुणी मनमाडला गेलं, कुणी परळच्या गिरणीत. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून माणसं मुंबई-पुण्याला निघाली ती याच रुळांवरून. गावातून बाहेर पडायला वाट असणं हीच अर्धी मुक्ती, हे बाबासाहेबांनी खेड्याबद्दल जे मांडलं त्याच्याशी जुळतं.

आणि रुळांनी विचारही आणला. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला उस्मानाबाद जिल्ह्यातल्या कसबे तडवळे इथे महार-मांग वतनदार परिषद झाली आणि बाबासाहेब तिथे आले. तडवळ्याजवळून बार्शी लाईट जायची. आडगावातल्या माणसापर्यंत सभेची बातमी पोचणं आणि माणसांनी सभेपर्यंत पोचणं, यात छोट्या गाडीचा मोठा वाटा. त्या परिषदेच्या नावातच महार आणि मांग शेजारी उभे आहेत. गावाने ज्यांना एकमेकांपासून तोडून ठेवलं होतं, ते दोघे वतनाच्या प्रश्नावर एका मंडपात बसले. बार्शी लाईटवर इतिहासप्रेमी मंडळी कौतुकाने लिहितात. कॅल्थ्रॉप साहेबाची कल्पकता, छोटं इंजिन, चढावर गाडी इतकी हळू की माणूस उतरून पुन्हा चढायचा. सगळं खरं असेल. पण त्या कौतुकात तडवळ्याची परिषद किती वेळा येते, ते तपासून बघा.

भूत म्हणजे ज्याची नोंद झाली नाही तो

आता तिसऱ्या गोष्टीकडे, फाटकावरच्या भुताकडे येऊ. रुळावर मेलेला माणूस भूत होतो असं गाव म्हणतं. रुळावर कोण मरतं? २०१२ साली अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या रेल्वे सुरक्षा समितीने सांगितलं की रूळ ओलांडताना वर्षाला सुमारे १५,००० माणसं मरतात, त्यातली सुमारे ६,००० एकट्या मुंबईच्या लोकलच्या मार्गांवर. रेल्वेच्या भाषेत हे मृत्यू अपघातात धरले जात नाहीत. ती माणसं घुसखोर. ज्यांच्या घराला रूळ ओलांडल्याशिवाय वाट नाही, नळ नाही, संडास नाही, ती स्वतःच्या वाटेवर मेली तरी घुसखोर.

८ मे २०२० ची पहाट आठवा. लॉकडाऊनमध्ये जालन्याच्या स्टील कारखान्यात अडकलेले मध्य प्रदेशातले मजूर रुळावरून चालत भुसावळकडे निघाले होते. औरंगाबादजवळ करमाड परिसरात थकून रुळावरच झोपले. मालगाडी आली आणि १६ जण गेले. शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतली ती पोरं, त्यांत बरेच गोंड आदिवासी. ही तीच गोदावरी खोऱ्याची लाईन. रुळावर विखुरलेल्या भाकऱ्यांचा फोटो साऱ्या देशाने पाहिला आणि काही महिन्यांत विसरलाही. पन्नास वर्षांनी तिथे भुताची गोष्ट सांगितली जाईल. तेव्हा कुणीतरी म्हणायला हवं की ही भुतं नव्हती, मजूर होते. सरकारने एका रात्रीत गाड्या बंद केल्या म्हणून ते चालत होते.

आणखी एक काम रुळावर आहे ज्याची गोष्टसुद्धा होत नाही. डब्यातला मैला थेट रुळावर पडायचा आणि तो साफ करायला आपल्याच जातींमधली माणसं लावली जायची. २०१३ च्या हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या कायद्याला मैला साफ करणाऱ्याच्या व्याख्येत रेल्वे रुळाचा वेगळा उल्लेख करावा लागला, यातच सगळं आलं. देशाची सगळ्यात मोठी सरकारी सेवा या प्रथेच्या आधारावर चालत होती.

फाटक जातंय, नोंद कधी करणार?

फाटकं झपाट्याने बंद होत आहेत. ब्रॉडगेज मार्गांवरची सगळी बिनचौकीदार फाटकं जानेवारी २०१९ अखेर संपवल्याचं रेल्वेने जाहीर केलं. चौकीदार असलेल्या फाटकांच्या जागी उड्डाणपूल आणि भुयारी रस्ते येत आहेत. जीव वाचतात, हे चांगलंच आहे. पण पुलावरून मोटारवाला जातो. पायी जाणारी म्हातारी, डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचलेल्या भुयारातून जाते. कुठल्या वस्तीला पूल आणि कुठल्या वस्तीला भुयार, हे कोण ठरवतं?

फाटकाबरोबर गेटमनची खोली पाडली जाते, आणि त्या खोलीतली आठवणही. म्हणून आमचं तरुणांना सांगणं आहे. लातूर रोड, परळी, उदगीर, पूर्णा, जिथे तुमचे नातेवाईक असतील तिथे जा. जुन्या गँगमनच्या घरी बसा. त्याचा पितळी बिल्ला, पेन्शनचे कागद, बढती का मिळाली नाही त्याच्या आठवणी, कुठल्या स्टेशनवर कुणाच्या घरी काम करावं लागलं, पाणी कुठे प्यायला मिळालं, हे सगळं त्याच्या आवाजात मोबाईलवर रेकॉर्ड करा. त्याच्या बायकोलाही विचारा. रेल्वे क्वार्टरमध्ये शेजारच्या दारातून साखर मागता यायची का, हे तिला जास्त ठाऊक असतं. भुताची गोष्ट ऐकलीत तर हसून सोडू नका, ते भूत जिवंतपणी कोण होतं हे विचारा. एक तरी नाव मिळेल.

आणि अहमदपूरकरांसाठी एक रोकडं काम. रेल्वेची मागणी उद्या मंजूर झाली तर मोजणीची माणसं येतील. रूळ गायरानातून जाईल, हाडकी-हाडोळ्याच्या वतनी जमिनीतून जाईल, कारण तिथे विरोध कमी होतो असा त्यांचा अनुभव. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते याच जमिनींसाठी. पिढ्यान्‌पिढ्या कसूनही ज्यांच्या सातबाऱ्यावर नाव लागलं नाही त्यांना सांगितलं जाईल की मोबदला मालकाला, तुम्ही अतिक्रमणवाले. तेव्हा लक्षात ठेवा, २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंबाची व्याख्या फक्त मालकापुरती नाही. जमीन ताब्यात घेण्याआधी तीन वर्षं त्या भागात शेतमजूर, कूळ, वाटेकरी म्हणून राबणारं आणि त्यावरच पोट असणारं कुटुंबही तिच्यात येतं. पुनर्वसनाच्या तरतुदी त्यालाही आहेत. पण तीन वर्षं राबल्याचा पुरावा लागतो. पीकपाहणीच्या नोंदी, दंडाच्या पावत्या, ग्रामपंचायतीचे दाखले, रेशनकार्डावरचा पत्ता, हे आतापासून गोळा करून ठेवा. मोजणीचा खुंटा ठोकला गेल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

पुरंदरच्या पायात नाथनाक-देवकाई गेले असं कथा सांगते. बीदरच्या डबीत अमृतनाकाने स्वतःला घातलं असं कथा सांगते. या पुढची कथा अहमदपूरच्या रुळाची असेल. तिच्यात आपली माणसं पायाखाली जाणार नाहीत याची तजवीज मोजणी सुरू होण्याआधी करायची आहे. पहिली बैठक आपल्या वस्तीच्या विहारात घ्या, गायरान कसणाऱ्यांची यादी करा आणि तहसीलला एक प्रत पोच घेऊन द्या.

जयभीम.